जात्यावरची ओवी आणि तिच्यातली नाती

जात्यावरची ओवी म्हणजे दळण दळताना बाईने म्हटलेले दोन ओळींचे गाणे. घर निजलेले असताना, पहाटेच्या अंधारात, जात्याच्या घरघरीवर ते म्हटले जाई. त्याला वाद्य लागत नसे, समोर श्रोते नसत आणि रचणारीचे नावही मागे राहत नसे. तरीही आई, बाप, भाऊ, लेक, नवरा, सासू, शेजारीण या माणसांविषयी मराठी बाईला खरे काय वाटते, हे जितके मोकळेपणाने इथे सांगितले गेले तितके दुसरीकडे कुठेच सांगितले गेले नाही.

ही ओवी फार जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात, ११२९च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रातल्या स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. ज्ञानेश्वरी १२९० सालची, म्हणजे ही नोंद तिच्याआधी दीडशेहून अधिक वर्षांची. ज्ञानेश्वरांची ओवी साडेतीन चरणांची, ग्रंथातली. पण तिचे मूळ बायकांच्या कांडण-दळणाच्या गाण्यात आहे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. मराठीतला सर्वांत थोर ग्रंथ बायकांच्या कष्टाच्या चालीवर उभा आहे, ही गोष्ट शाळेतल्या पुस्तकांत यायला हवी तितकी ठळकपणे येत नाही.

ज्ञानेश्वरांची समाधी आळंदीची, १२९६ची, आणि आळंदी पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात आहे.   याच मुलखात भावाबहिणीच्या प्रेमाची मराठीतली सर्वांत हृद्य कथा सांगितली जाते. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. निवृत्ती, सोपान, मुक्ता ही भावंडे लहानपणीच पोरकी झालेली, आणि मुक्ता त्यांत सर्वांत धाकटी. तिने दाराबाहेर उभे राहून भावाची समजूत घातली. कधी थोरपणाची आठवण दिली, कधी लाडीगोडी लावली, कधी ज्ञानाची गोष्ट सांगितली. शेवटी ताटी उघडली. मुक्ताबाईंच्या नावावर असलेले ते ‘ताटीचे अभंग’ वारकरी आजही म्हणतात. धाकट्या बहिणीचे शब्द थोरल्या भावाचे बंद दार उघडतात, हे या परंपरेने मनापासून मानलेले आहे. जात्यावरच्या ओवीत भावाला जी जागा मिळाली, तिच्या पाठीशी ही समजूत उभी आहे.

संतांमधली दळणारी बाई म्हणजे जनाबाई. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या जनाबाईबरोबर विठ्ठल दळायला बसतो, अशी तिच्या अभंगांतून रुजलेली श्रद्धा आहे. एकटीने ओढायचे जड जाते आणि मदतीला कोणी नाही, असा प्रसंग ज्या बाईवर रोज येई तिला या कथेचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नव्हता.

जाते म्हणजे दोन गोल दगड. खालचा रोवलेला, वरचा फिरता. वरच्या दगडाच्या मध्यावर तोंड असते, त्यात मुठीमुठीने दाणे टाकायचे. एका वेळच्या दाण्यांना घास म्हणतात. कडेला लाकडी खुंटा ठोकलेला असतो, तो धरून वरचा दगड ओढायचा. पीठ चहूकडून कडेने बाहेर पडते. दगड गुळगुळीत झाला की दाणा चिरडत नाही, मग त्याला टाकी लावून घ्यावी लागते. टाकी लावणाऱ्या बायका गावोगाव आणि शहरातल्या पेठांतूनही हाक देत फिरत. एकटी बाई जाते ओढते तेव्हा साऱ्या अंगाचा जोर लागतो. दोघी असल्या तर समोरासमोर बसतात, एकच खुंटा चार हातांनी धरतात, एकीने स्वतःकडे ओढला की दुसरी हात सैल सोडते, आणि घास टाकायचे काम आळीपाळीने होते. दिवसभर एकमेकींशी धड न बोलणाऱ्या दोन जावा पहाटे अशा गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या असत. एकीने ओळ सुरू केली की दुसरीला ती उचलावीच लागे, कारण ओळ तुटली तर हाताची लय तुटते.

हे काम रोजचे का होते, त्याचे कारण पिकात आहे. उदाहरणार्थ, आळंदीच्या खेड तालुक्याचा पूर्वेकडचा भाग कोरडा, बाजरी-ज्वारीचा. पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरांकडे भात, नाचणी, वरई. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश बराच असतो, त्यामुळे ते थोड्याच दिवसांत कडू होते. आठवड्याचे दळून ठेवावे म्हटले तर भाकरी खाववत नाही. म्हणून दररोज, फार तर दिवसाआड, दळण. मोठ्या कुटुंबात दोन-तीन तास जात्यावर जात, आणि दिवस उगवल्यावर शेताची कामे असल्यामुळे ते तास रात्रीतून काढावे लागत. ओवी पहाटेची झाली ती अशी.

जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण मराठीत अजून चालते. काम अंगावर पडले की उपाय सापडतो, एवढाच तिचा अर्थ आता घेतात. मूळ अनुभव याहून खोल आहे. हात गुंतलेले, शरीर लयीत, अंधार, आणि आपला आवाज जात्याच्या आवाजात मिसळलेला. अशा वेळी मनातले ओठांवर येते. दिवसा सुनेने तोंड उघडले तर तो उद्धटपणा ठरे. सासरा-दिरांसमोर बोलायचे नाही, नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, माहेरची आठवण काढायची नाही, असा रिवाज. पण दळताना गायला मात्र कोणी मना करीत नसे, कारण गाण्याने दळण पुढे सरते. सासू पलीकडे अंथरुणावर जागी असली तरी गाण्यातल्या तक्रारीला ती जाब विचारू शकत नसे, कारण ओवी सीतेची असते, शेजारणीची असते, कुण्या एका बाईची असते. बोलण्याचा हक्क नसलेल्या बाईला बोलण्याची जागा मिळाली ती अशी, कामाच्या आडोशाने.

ओवीचा बांधा या कामाला बेतलेला आहे. दोन ओळी, अखेरीस यमक. पहिल्या ओळीत बहुधा एखादे चित्र असते: रस्ता, पिकलेले शेत, अंगणातले झाड, लुगड्याचा रंग, बैलांची जोडी. दुसऱ्या ओळीत माणूस येतो आणि नाते उलगडते. गाताना अर्धी ओळ परत म्हणतात, मध्येच ‘बाई’, ‘गं’, ‘सये’ अशी पालुपदे घालतात. त्यात गाणारीला पुढची ओळ जुळवायला अवधीही मिळतो. ऐकलेली ओवी जशीच्या तशी म्हणायची सक्ती नाही. आईकडून आलेल्या ओवीत मुलगी भावाचे नाव बदलते, गावाचे नाव बदलते, कधी दुसरी ओळ पुरती बदलून टाकते. त्यामुळे एकच ओवी मुळशीत एक सांगते आणि मराठवाड्यात दुसरे. कर्ती कोण, हा प्रश्न तिथे लागूच पडत नाही. जी म्हणेल तिची ओवी.

दळण सुरू होताना आधी देवाच्या ओव्या. गणपती, गावदेवी, पंढरीचा विठ्ठल, आणि खुद्द जाते. जात्याला ईश्वर म्हणून हाक मारणाऱ्या ओव्या महाराष्ट्रभर सापडतात. मग आईबाप येतात. बापाचे वर्णन थोरवीचे, आईचे मायेचे. आई गेल्यावर माहेर कसे उरत नाही, याच्या ओव्या तर मन पिळवटून टाकतात. घर तेच, चौकट तीच, पण पाण्याचा तांब्या आता भावजय देणार, आणि ती कसा देते त्यावर लेकीचे पुढचे येणे-जाणे ठरणार. एवढी बारीक, घरगुती आणि नेमकी निरीक्षणे मराठी कादंबरीत यायला विसावे शतक उजाडावे लागले.

सर्वांत जास्त जीव ओवीने कुणावर टाकला असेल तर तो भावावर. त्याला व्यावहारिक कारण आहे. सासरी गेलेल्या मुलीला माहेरी न्यायला मुऱ्हाळी येई, आणि मुऱ्हाळी बहुतेक वेळा भाऊच असे. पंचमीला, दिवाळीला तो आला तर सुटका, नाही आला तर वर्ष कोरडे. माहेर आणि सासर यांच्यामधली वाट चालणारा तो एकच माणूस होता. म्हणून ओवीत तो घोड्यावरून येतो, वाटेत त्याच्यासाठी सावली होते, त्याच्या ताटात काय वाढायचे याचा बेत होतो. ज्यांना सख्खा भाऊ नाही त्या मानलेला भाऊ करतात, आणि त्याच्याविषयीही तितक्याच ओढीने गातात. मात्र या प्रेमात जमिनीचा आणि वाट्याचा प्रश्नही दडलेला आहे. बापाची इस्टेट सारी भावाची, बहिणीच्या वाट्याला चोळी-लुगडे. कायद्याने बापाच्या मालमत्तेत मुलीला वाटा दिला तो पुढे, १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने, आणि वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाइतका हक्क देशभर मिळाला तो २००५च्या दुरुस्तीने. जुन्या ओव्यांतली बहीण हिस्सा मागत नाही, आठवण ठेव एवढेच म्हणते. पण ते ती इतक्या वेळा म्हणते की त्या मागण्यामागचा घाव लपत नाही.

नवरा ओवीत थोडा दूर उभा असतो. त्याचे नाव घ्यायचे नसल्यामुळे तो कंथ, भरतार, धनी अशा शब्दांनी येतो. कुंकवाच्या रूपाने त्याचे मोठेपण गायले जाते, रागीट नवऱ्याला कसे सांभाळावे याची उजळणी होते, सवतीचे दुःखही येते. उघड शृंगार फार थोडा. प्रेम आहे, पण ते ओझ्यासारखे जपलेले, बोलून न दाखवलेले. लेकरावर मात्र ओवी उधळलेली असते. मुलाचे चालणे, त्याचे कपडे, त्याला लागणारी दृष्ट, यांच्या ओव्यांना अंत नाही. मुलीच्या जन्माच्या ओव्यांचा सूर वेगळा: लेक ही परक्याची, तिला वाढवून दुसऱ्याच्या दारी द्यायची. बाईचा जन्म कुणी दिला, असा जाब देवाला विचारणाऱ्या ओव्याही आहेत. त्या ऐकल्यावर जुन्या काळातल्या बायकांना आपल्या दुःखाची जाणीव नव्हती, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

सासुरवासाची नायिका सीता. राम-लक्ष्मण युद्ध करतात ते या ओव्यांत फारसे दिसत नाही. दिसतो तो सीतेचा वनवास, गरोदरपणात घराबाहेर काढलेली बाई, रानात तिला सोबत करणारी झाडे-पाखरे, तिचे बाळंतपण. गाणाऱ्या बायकांनी सीतेला देव्हाऱ्यातून उचलून आपल्या रांगेत बसवले. आपल्यावर गुदरले तेच तिच्यावर गुदरले, असे त्या म्हणतात. थोर घरच्या सीतेचा वनवास चुकला नाही तर आपला कसा चुकेल, हा त्यात धीरही आहे आणि रामावर ठेवलेला ठपकाही.

मैत्रीण हा ओवीतला फारसा न अभ्यासला गेलेला भाग. लग्नापूर्वीच्या सख्या वेगवेगळ्या गावी दिल्या जात, पुन्हा भेट झाली तर जत्रेत, नाही तर कार्तिकीला आळंदीत. म्हणून ओवीत दोन जणी भेटतात: दूर गेलेली सखी, आणि सासरच्या गावात नव्याने जोडलेली शेजी. शेजी म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. तिच्याशी ‘गूज’ बोलायचे, विस्तव मागायला जाण्याच्या निमित्ताने चार शब्द सांगायचे, आणि ते तिने कुणाला सांगू नयेत अशी अपेक्षा ठेवायची. शब्द फुटला तर घर मोडते, याची जाण या ओव्यांत पक्की आहे. जिभेने केलेली जखम, चुगली करणारी शेजारीण, मनात ठेवलेली गोष्ट, यांवर बायका वारंवार गातात. शब्दाची ताकद कवी-पंडितांइतकीच त्याही ओळखत होत्या, आणि त्यांनी ती जास्त किंमत मोजून ओळखली होती.

ओवी घरापुरती राहिली असेही नाही. आंबेडकरी चळवळ गावोगाव पोचली तशी ती जात्यावरही पोचली. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या दलित स्त्रियांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रमाबाई यांच्यावर रचलेल्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. ज्या चालीवर विठ्ठल आणि भाऊराया गायले गेले, त्याच चालीवर भीमराव गायले गेले. तेही भावाच्या, बापाच्या नात्यानेच. ज्याने माणूसपण दिले त्याला घरातला माणूस करायचे, ही ओवीची रीत.

लिहून ठेवण्याचे काम उशिरा सुरू झाले. साने गुरुजींनी बायकांकडून ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ हा संग्रह नात्यांच्या क्रमाने सिद्ध केला. सरोजिनी बाबर यांनी राज्य लोकसाहित्य समितीच्या वतीने अनेक संग्रह काढले. कवयित्री इंदिरा संत यांनी ‘मालनगाथा’ संकलित केली आणि ओवी रचणाऱ्या निनावी बाईला मालन हे नाव दिले. बहिणाबाई चौधरी यांची कविताही याच मातीतली. मुलगा सोपानदेव यांनी ती टिपून ठेवली नसती, आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती छापली गेली नसती, तर तीही जळगावच्या शेतांबाहेर आली नसती.

सर्वांत मोठे काम पुणे जिल्ह्याच्या डोंगरांतून उभे राहिले. फ्रान्समधून येऊन भारताचे नागरिक झालेले समाजशास्त्रज्ञ गी प्वातवँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी पुण्यात समाजशास्त्रांतल्या सहकारी संशोधनाची एक संस्था काढली आणि मुळशी-मावळ भागातल्या कष्टकरी स्त्रियांबरोबर १९८०च्या दशकात काम सुरू केले. सुरुवात संशोधनाची नव्हती. त्या भागातल्या गरीब डोंगरी संघटनेच्या बैठकांत बायका बोलत नसत, पण ओवी म्हणा म्हटले की म्हणत, आणि ओवी म्हटली की तिच्यावर बोलत. यातून संग्रह वाढत गेला. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. प्रत्येकीबरोबर गाणारीचे नाव, गाव आणि विषय नोंदवला गेला. संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांनी शंभराहून जास्त तासांचे ध्वनिमुद्रण आणि त्यासाठी संगणकीय सूची तयार केली. प्वातवँ २००४ साली वारले, राईरकर २०१० साली वारल्या. पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून या ओव्या भाषांतरासह, आवाजासह आणि गायिकांच्या छायाचित्रांसह प्रसिद्ध करायला सुरुवात केली. शतकानुशतके निनावी राहिलेल्या गाण्याला गाणारीचे नाव आणि चेहरा मिळाला, हा या प्रकल्पाचा सर्वांत मोठा न्याय.

ही नोंद झाली तोवर जाती बंद पडत चालली होती. आधी तेलाच्या इंजिनावरच्या, मग विजेवरच्या गिरण्या गावोगाव आल्या. डोक्यावर दळणाचा डबा घेऊन गिरणीच्या रांगेत उभे राहणे हे बाईला वरदान वाटले, आणि ते होतेच. छातीत कळ येईपर्यंत खुंटा ओढण्याचे कोणी गोडवे गाऊ नयेत. ओवी गेली याची हळहळ बाळगणाऱ्याने दळणही गेले याचा आनंद मानायला हवा. तरी गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात गाता येत नाही, आणि तिथे एकटेपणही नसते. वेळ वाचला, पण बोलण्याची ती एक जागा गेली. तिच्या बदल्यात बायकांना बचत गट, महिला मंडळ, ग्रामसभा मिळाल्या. जिथे त्यांत खरोखर बोलता येते तिथे नुकसान भरून निघाले, आणि जिथे नुसत्या सह्या घेतात तिथे नाही.

खेड तालुक्याचा चेहरा दरम्यान बदलला. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण आता मोटारींच्या कारखान्यांचे गाव आहे, आणि तिथून पिंपरी-चिंचवडपर्यंत मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली कुटुंबे राहतात. त्यांच्या इमारतींमध्ये जाते दिसते ते लग्नाच्या वेळी. हळदीच्या आधी घाणा भरायचा असतो. हॉलच्या मधोमध पाटावर लहानसे जाते मांडतात, त्याला हळद-कुंकू लावतात, हळकुंड आणि सुपारी पिवळ्या कापडात बांधतात, आंब्याची पाने खोवतात. पाच सवाशिणी खुंट्याला हात लावून हळकुंडे भरडतात. घरातली एखादी आत्या किंवा आजी चार ओव्या म्हणते, बाकीच्या ओळ उचलतात, आणि पाच-दहा मिनिटांत विधी आटोपतो.

या चार ओव्या कुठल्या, हे पाहण्यासारखे आहे. देवाचे आवतण, मांडवाचे वर्णन, नवरा-नवरीचे कौतुक, मामाने आणलेला आहेर. शुभकार्याला साजेशा. ज्या ओव्यांना प्रसंग आहे त्या टिकल्या आहेत, कारण दर लग्नाला कोणीतरी त्या म्हणते आणि कोणीतरी ऐकते. भावजयीने फिरवलेले तोंड, शेजीला सांगितलेले गूज, बाईच्या जन्माबद्दल देवाला विचारलेला जाब, यांना आता कुठलाही प्रसंग नाही. लग्नमांडवात त्या कोणी म्हणणार नाही, आणि रोजचे दळण संपले आहे. त्या ज्यांना पाठ आहेत अशा बायका आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. कारखान्यांच्या पट्ट्यात नातवंडे सांभाळायला आलेल्या आज्यांमध्ये त्या नक्कीच असतील, आणि त्यांच्यापैकी बहुतेकींना आजवर कोणी ओवी म्हणायला सांगितलेली नाही.